‘ड्रेंच’ हा ‘द्रव’वरून आलेला नाही

इंग्रजी शब्द आणि त्यांची संस्कृत ‘मुळे’ अशी एक यादी व्हॉट्सॲपवर फिरत असते. त्यातली एक ओळ: ‘ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे. तो आपल्या द्रव शब्दावरून आला. म्हणजे इंग्रजी ही संस्कृतची लेक.’ पहिल्या वाक्यातला अर्थ आजच्यापुरता बरोबर आहे; बाकीचं एकही वाक्य तपासाला टिकत नाही.

आधी आवाजाचं बघू. संस्कृतात ‘द’ असेल तिथे इंग्रजीच्या सख्ख्या शब्दांत ‘ट’ येतो: दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ साली हा नियम मांडला. इंग्रजीत ‘ड’ असेल तर संस्कृतात सहसा ‘ध’ सापडतो. मधु आणि मधाची दारू ‘मीड’ ही तशी जोडी. ‘द्रव’ आणि ‘ड्रेंच’ कानाला जवळचे वाटतात, ते जुळत नाहीत ते इथेच.

अर्थाचं तर त्याहून मोठं आहे. जुन्या इंग्रजीत ‘ड्रिंकन’ म्हणजे पिणे आणि ‘ड्रेंचन’ म्हणजे पाजणे. पाजण्यावरून बुडवणे आलं. पाणी ओतून चिंब करणे हा आजचा अर्थ सोळाव्या शतकातला. मूळ अर्थ अजून जिवंत आहे. ऑस्ट्रेलियातला मेंढपाळ मेंढ्यांना ‘ड्रेंच’ करतो म्हणजे भिजवत नाही, जंताचं औषध पाजतो. माझे मामा वासराला औषध पाजायचे ते डोळ्यांसमोर आहे: जबड्याच्या कडेने बांबूचं नळकांडं आत, मान जरा वर, पण फार वर नाही, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. हेच ते ड्रेंचिंग. आणि आपले टोमॅटोवाले, डाळिंबवाले शेतकरी ज्याला ड्रेंचिंग किंवा आळवणी म्हणतात, पंपाचा नोझल काढून बुंध्याशी द्रावण सोडतात, तेही मुळांना पाजणंच की! आपण उसाला पाणी ‘पाजतो’च. जर्मन ‘ट्रेंकन’मध्येही गुरांना पाजणे आणि भिजवणे असे दोन्ही अर्थ आहेत.

राहिलं आई-लेकीचं नातं. संस्कृत शिकलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात सांगितलं ते वेगळं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. इंग्रजीचं घराणंही त्याच मुळाचं. म्हणजे नातं बहिणींचं. ते मला फार मोलाचं वाटतं, म्हणूनच खोट्या पुराव्यांचा राग येतो. खरा पुरावा व्याकरणात आहे. संस्कृत ‘पतति’चं ‘पातयति’ होतं, मराठीत ‘पडणे’चं ‘पाडणे’, इंग्रजीत ‘फॉल’चं ‘फेल’, म्हणजे झाड पाडणे. क्रिया दुसऱ्याकडून घडवून आणणारा संस्कृतातला हा ‘-अय-’ आणि जुन्या जर्मॅनिक भाषांतला (इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातला) ‘-यन’ एकाच पूर्वजाचे. ‘ड्रिंक’च्या कुळातल्या ‘ड्रांक-’ला तो ‘य’ लागला, त्याने मागच्या ‘आ’चा ‘ए’ केला, ‘क’चा ‘च’ केला, आणि ‘ड्रेंच’ तयार झाला.