पॉलिसी लागत नाही

ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडले तर सिस्टिमवाल्याचं फारसं बिघडत नाही. सर्व्हर बसला, लाइन गेली, वीज गेली, काहीतरी एक कारण असतं आणि साहेबसुद्धा समजून घेतात. खरा छळ एकच मशीन रुसलं की सुरू होतो. तेही धड बिघडलेलं नसतं. इंटरनेट धावतंय, प्रिंट निघतेय, फोल्डर उघडतोय. फक्त एकच गोष्ट होत नाहीये, आणि ती होऊच नये असं मशीन वापरणाऱ्याला मनापासून वाटतंय.

आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे ग्रुप पॉलिसी. विंडोज २००० पासूनची ही सोय. सर्व्हरवर एकदा नियम लिहून ठेवायचा, मग प्रत्येक मशीन आपणहून येऊन तो घेऊन जातं. दर ९० मिनिटांनी. त्यातही सगळ्यांनी एकाच वेळी सर्व्हरच्या दारात गर्दी करू नये म्हणून प्रत्येक जण वर शून्य ते ३० मिनिटं आपापल्या सवडीने थांबतो. ही शिस्त सीएसएमटीच्या प्लॅटफॉर्मवर कुणाला आणता आली तर मी स्वतः हार घेऊन जाईन.

तर, ऑडिटच्या आधी हेड ऑफिसने दोन नियम लावले. पेन ड्राइव्ह बंद, आणि दहा मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की स्क्रीन लॉक. दुपारपर्यंत फोर्टमधल्या आमच्या जुन्या इमारतीचा अख्खा मजला बोंबलायला लागला. मजला बोंबलला म्हणजे पॉलिसी लागली, हे तपासायला वेगळा रिपोर्ट काढावा लागत नाही. शांतता होती ती फक्त अकाउंट्सच्या कोपऱ्यात, मॅडमच्या टेबलापाशी.

मॅडम म्हणजे आमच्याकडच्या सर्वांत जुन्या. व्हाउचरवर त्यांची सही नसेल तर साहेबांचं टॅक्सीचं बिलसुद्धा परत येतं. त्यांच्या मशीनवर पेन ड्राइव्ह खुशाल चालत होता, ही बातमी हेड ऑफिसच्या सर्क्युलरपेक्षा जास्त वेगाने पसरली. कुणाला मुलीच्या शाळेचा प्रोजेक्ट हवा, कुणाला भावाच्या लग्नाचे फोटो, तर कुणाला सोसायटीच्या सभेची नोटीस. सगळे पेन ड्राइव्ह घेऊन मॅडमच्या टेबलाशी नंबर लावून उभे. मॅडम खोबऱ्याची वडी पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "दमानं, दमानं. आधी सेल्सवाल्याचं होऊ दे."

या जनतेच्या डोळ्यांदेखत मला ते मशीन दुरुस्त करायचं होतं. म्हणजे बंद करायचं होतं. मी खुर्चीत बसलो की मागे उभे असलेले लोक माझ्याकडे वीज कापायला आलेल्या माणसासारखे बघायचे.

काळी खिडकी उघडून 'जीपीअपडेट स्लॅश फोर्स', म्हणजे पॉलिसी आत्ताच्या आत्ता घेऊन ये, ही कमांड दिली. कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला आणि मग उत्तर आलं: कॉम्प्युटर पॉलिसी अपडेट होऊ शकली नाही. खाली कारणांचा परिच्छेद. नेटवर्क नसेल, किंवा सर्व्हर सापडत नसेल, किंवा दुसरंच काही असेल. एवढं मोघम बोलायला आमच्याकडे निदान मॅनेजर तरी व्हावं लागतं.

आमच्या धंद्यात पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर घ्यायचा असतो. कुणाच्या तरी हुशार भाच्याने नेट फास्ट व्हावं म्हणून गूगलचा डीएनएस ८.८.८.८ टाकलेला असतो आणि गूगलला आमच्या सर्व्हरचा पत्ता कुठून माहीत असणार! पण इथे डीएनएस शुद्ध. केबल बदलली, काही नाही. जुनी पॉलिसी जिथे साठते ती 'रजिस्ट्री डॉट पॉल' नावाची फाइल खराब होते कधीकधी. तीही उडवून पाहिली. नवी आलीच नाही. एव्हाना प्रेक्षकांतून सल्ले यायला लागले होते. "फॉरमॅट मार." हा सल्ला देणाऱ्याला स्वतःच्या मशीनचा फॉरमॅट कधीच नको असतो, हे मी बघून ठेवलंय. शिपाईमामांनी मात्र जाता जाता मशीनवरून मायेने फडकं फिरवलं. एकूण तांत्रिक मदतीत तीच काय ती उपयोगी.

शेवटी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज आपली सगळी गाऱ्हाणी या वहीत तारीखवार लिहून ठेवतं. सर्वांत वरची लाल नोंद होती चार बावन्नची. मी खिशातून मोबाइल काढला. चार बेचाळीस.

म्हणजे ती चूक अजून व्हायची होती.

"मॅडम, तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"मग? असणारच," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मी लावलंय."

मॅडमची बदलापूर लोकल सहाच्या आसपासची आहे. नेमकी मिनिटं लिहीत नाही, त्या डब्यात आधीच उभं राहायला जागा नाही. घरातलं भिंतीवरचं घड्याळ पुढे, मनगटावरचं पुढे, तर मग ऑफिसातलंच मागे का? पूर्वी ते आपोआप मागे यायचं म्हणून त्यांनी आधीच्या कंत्राटदाराच्या पोराकडे तक्रार केली होती. तो पोरगा आज्ञाधारक. हिशोबाचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून त्याने मॅडमना ॲडमिन करूनच ठेवलं होतं, वर घड्याळ सर्व्हरशी जुळवणारी सेवाही बंद करून टाकली. मग मॅडमनी वेळ लावली ती कायमची.

आता पॉलिसीचा आणि बदलापूरचा संबंध काय? तर सर्व्हर मशीनला ओळखतो तो केर्बेरॉस नावाच्या पद्धतीने. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत ती जन्मली. तिच्यात दर ओळखचिठ्ठीवर वेळेचा शिक्का असतो, म्हणजे कुणी जुनी चिठ्ठी चोरून पुन्हा वापरू नये. दोन्ही घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. मॅडमची चिठ्ठी दहा मिनिटं पुढची. बाकीचा कारभार चालत होता, कारण फाइलींचा फोल्डर त्या पोराने सर्व्हरच्या नावाऐवजी नुसत्या आयपी पत्त्याने, म्हणजे आकड्यांनी जोडला होता आणि तिथे केर्बेरॉसला कुणी विचारतच नाही. पॉलिसीच्या फायली असतात त्या सिसव्हॉलच्या दारात मात्र ओळख पटल्याशिवाय आत घेत नाहीत.

हे सगळं मी मॅडमना समजावलं. त्या म्हणाल्या, "सर्व्हरचंच घड्याळ दहा मिनिटं पुढे कर की."

या मागणीत ऐतिहासिक बळ आहे, हे मान्य करायला हवं. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईत बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत चालू होता, ३९ मिनिटं मागे. स्वतःच्या घड्याळावर अडून बसण्याची परंपरा या शहराला आहे. मॅडमनी ती फक्त उलट्या दिशेने चालवली.

मी सेवा पुन्हा चालू केली, घड्याळ सर्व्हरशी जुळलं, जीपीअपडेटने पहिल्यांदाच बिनतक्रार मान डोलावली. पेन ड्राइव्हची रांग मुकाट्याने पांगली. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण वडीचा डबा बंद झाला. दुसऱ्या दिवशी माझं प्रवासाचं बिल परत आलं. त्यावर लिहिलं होतं: वेळ नमूद नाही.

मग मला नेपाळ आठवला.

भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, नेपाळची पाच तास पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे आपल्यापेक्षा बरोबर पाव तास पुढे. आणि केर्बेरॉस बघतो ती आतली जागतिक वेळ, पडद्यावर काय दिसतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी मॅडमच्या मशीनचा टाइम झोन काठमांडू केला. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं, पॉलिसी लागलेलीच राहिली. मॅडमना दहाच्या जागी पंधरा मिनिटं मिळाली. डबा उघडला, बिल पास झालं.

परवा हेड ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्यांचा मेल आला. सगळ्या मशीनांची यादी जोडलेली, आमच्या एका ओळीवर पिवळा रंग, आणि खाली प्रश्न: आपल्या शाखेचं नेपाळमध्ये कार्यालय आहे काय?

मी तो मेल मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"आहे म्हणून लिही," त्या म्हणाल्या. "परदेश भत्ता लावून घेता येईल."