एजंटला स्क्रीनशॉट दाखवून काय उपयोग?
माणसासाठी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन एआय एजंटलाही (आपल्या वतीने सॉफ्टवेअर वापरून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमलाही) पुरतं, हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. आमच्या टास्क-ट्रॅकरच्या माहितीत 'स्टेटस बदला' एवढंच होतं. चालणारे पर्याय फक्त स्क्रीनशॉटमध्ये. एजंटने 'डन' पाठवलं, सिस्टिमला हवं होतं 'क्लोज्ड'. एरर आल्यावर पठ्ठ्याने दरवेळी नवं तिकीट, म्हणजे कामाची नवी नोंद, उघडलं! सकाळी बोर्डावर एकाच कामाची अकरा तिकिटं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमसीपीत (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या टूल्सशी जोडायची प्रमाण पद्धत) प्रत्येक टूलला वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे काय आणि कसं पाठवायचं याचा आराखडा, देता येतो, एजंटमागचं एआय मॉडेल तेच वाचतं. आम्ही तिथे चारही स्टेटस लिहिले, शिवाय 'तिकीट आधीच असेल तर नवं उघडू नये' ही ओळ. गोंधळ थांबला. जुने स्क्रीनशॉट मात्र अजून तसेच आहेत, ते कोणी बदलायचे यावर मीटिंग व्हायचीय.