गेम पळतोय, खेळता येत नाही

जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर लावला की तो सुसाट सुटतो, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही, याचा मला आता संताप येतो. गाडी सुरू होते न होते तोच भिंतीवर आदळलेली. शत्रू दिसायच्या आत आपण मेलेलो. मेन्यूत एक ओळ खाली जायचं म्हणून बाण दाबावा, तर चार ओळी खाली. आणि तक्रार केली की लोक विचारतात, "मशीन फास्ट आहे ना, मग प्रॉब्लेम काय?" अहो, तोच तर प्रॉब्लेम आहे!

इंदूरला आरएनटी मार्गावर कॉम्प्युटरची एवढी दुकानं आहेत, पण 'गेम जास्त वेगाने पळतोय' हे वाक्य ऐकून घ्यायला तिथे कोणी तयार नाही. 'गेम नीट चालत नाही' एवढंच त्यांच्या कानात शिरतं. एक म्हणाला, "रॅम बढवा लो भैया." दुसरा फॉरमॅट मारायला निघाला. तिसऱ्याने नवं ग्राफिक्स कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. ते बसवलं असतं तर गेम आणखी पळाला असता! हे मी त्याला समजावून सांगितलं, तर माझ्याकडे असा बघायला लागला की जसं काही मीच त्याचा वेळ खातोय. रोगाच्या नेमकं उलट औषध, आणि तेही पैसे घेऊन.

बिघाड मशीनमध्ये नाहीच. बिघाड आहे गेम लिहिणाऱ्यांनी वेळ कसा मोजला त्यात. 1981 च्या आयबीएम पीसीत 8088 प्रोसेसर होता, 4.77 मेगाहर्ट्‌झचा. त्या काळात कित्येकांनी घड्याळ बघायचे कष्टच घेतले नाहीत. प्रोसेसरला रिकाम्या चकरा मारायला लावायच्या, इतक्या चकरा झाल्या की इतका वेळ गेला असं धरायचं. घरात कोणी पोळ्या मोजून वेळ सांगावी तसं हे. पोळ्या लाटणारी बाई बदलली, तिचा हात दुप्पट चालायला लागला, की घरातली वेळच दुप्पट पळणार. वेगवान मशिनं आली तेव्हा यावर उपाय काय, तर कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटण. नाव टर्बो, पण जुन्या गेमवाल्यांना ते लागायचं मशीन हळू करायला.

टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांचा किस्सा तर डोकं फिरवणारा आहे. त्यातलं सीआरटी युनिट, म्हणजे आयता मिळणारा कोडचा एक भाग, सुरुवातीलाच मोजायचं, की घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे 55 मिलिसेकंदांत, प्रोसेसर किती चकरा मारतो. मग त्या आकड्याला 55 ने भागायचं. साधारण 200 मेगाहर्ट्‌झचे पेंटियम आले आणि उत्तर इतकं मोठं व्हायला लागलं की ते 16 बिटांत मावेना. प्रोग्राम उघडायच्या आधीच बंद, आणि पडद्यावर 'रनटाइम एरर 200', म्हणजे शून्याने भागाकार! शून्याचा तिथे काही संबंध नाही. मशीन वेगवान आहे, हा एवढाच त्याचा गुन्हा.

डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या गेमांसाठी निदान डॉसबॉक्स आहे, आजच्या मशीनवर जुन्या पीसीची नक्कल करणारं सॉफ्टवेअर; ते बनवणाऱ्यांचे उपकार मानायला हवेत. कंट्रोल आणि एफ12 दाबलं की सायकल्स, म्हणजे त्या नकली पीसीचा वेग, वाढतात, एफ11 ने कमी होतात. पण तिथेही डोकं चालवावं लागतं. एकदा वर दाबलं की 10 टक्के वाढ, एकदा खाली दाबलं की 20 टक्के घट. म्हणजे 3000 वरून वर गेलात तर 3300, आणि परत खाली आलात तर 3000 नाही, 2640. त्यात लॅपटॉपवर एफ11 दाबलं की आवाज नाहीतर उजेड कमी होतो, म्हणून एफएनचं बटणसुद्धा दाबून धरा. एक गेम खेळायला ही बोटांची कसरत.

त्यापेक्षा जास्त राग मला विंडोजच्या काळातल्या गेमांचा येतो, कारण तोवर सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. चकरा मोजणं सुटलं, तर हे लोक फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, मोजायला लागले. दर फ्रेमला गाडी इतकी पुढे, उडी इतकी वर. समोर सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा 144 हर्ट्‌झचा मॉनिटर आला की हिशोब कोलमडला. जीटीए सॅन अँड्रियास या गेममध्ये फ्रेम लिमिटर, म्हणजे फ्रेमवरची मर्यादा, बंद करून बघा, पाण्यात माणूस पोहता पोहत नाही. 2011 च्या स्कायरिम या गेममध्ये 60 च्या वर फ्रेम गेल्या की भांडीकुंडी हवेत उडतात. आणि 2013 चा नीड फॉर स्पीड रायव्हल्स 30 फ्रेमवर बांधलेला. जबरदस्तीने 60 केल्या की अख्खा गेम दुप्पट वेगाने. 2013! इतक्या वर्षांनी परत तीच चूक!

आणि हे दुरुस्त करणं अवघड असतं तर मी गप्प बसलो असतो. विंडोजबरोबर येणारा पिनबॉल आठवतो ना? तो विंडोज एनटीवर आणणारे डेव्ह प्लमर यांनी स्वतः सांगितलंय की त्यात फ्रेमवर मर्यादाच नव्हती. त्यांच्या मशीनवर सेकंदाला 60 ते 90 फ्रेम यायच्या, पुढे त्या 5000 पर्यंत गेल्या. प्रोसेसर नुसता राबत होता. मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांनी 100 ची मर्यादा घातली, विषय संपला. एक मर्यादा!

मग जे आज जुने गेम परत विकतात त्यांना हे का जमू नये? मी एक जुना रेसिंग गेम रीतसर पैसे भरून घेतला. विंडोज 10 वर चालतो असं ठळक लिहिलेलं. चालतो कसला, उधळतो. मदत मागितली तर उत्तर आलं, ड्रायव्हर अपडेट करा. पैसे घेताना गेम तुमचा आणि बिघडला की ड्रायव्हर आमचा?

"जाऊ दे, नवा गेम खेळ" हे तर मला कोणी सांगूच नये. रामबागेतल्या घरी मी आणि माझा आतेभाऊ एकाच कीबोर्डवर खेळायचो, बाणांची बटणं त्याची, डावीकडची माझी. तो परवा आला होता. तोच गेम त्याला दाखवायचा होता मला, नवा नाही.

शेवटी जे दुकानदाराने सांगायला हवं होतं आणि विकणाऱ्याने आधीच करून द्यायला हवं होतं, ते मी इथे लिहितो. रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात त्या गेमपुरती फ्रेम लिमिट 60 टाका, तरी पळाला तर 30. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्येच मॅक्स फ्रेम रेट आहे, जानेवारी 2020 पासून. व्ही-सिंकच्या, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणाऱ्या सेटिंगच्या, भरवशावर राहायचं असेल तर आधी मॉनिटर 60 हर्ट्‌झवर आणा, नाहीतर ते 144 लाच बांधतं. गेम मध्येच पळतो, मध्येच अडखळतो असं असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जाऊन गेमच्या नावावर राइट क्लिक करून सेट अ‍ॅफिनिटीत प्रोसेसरचा एकच कोर ठेवून बघा. गेम बंद केला की ते पुसलं जातं, दर वेळी नव्याने करा. आणि यातलं काहीही करायच्या आधी कोणी रॅमची किंमत सांगायला लागला, तर त्या दुकानातून सरळ उठून या.