क्रूझच्या बंदरावर स्वतः फिरू नये काय? एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

भूमध्य समुद्रातील क्रूझचे बुकिंग झाल्याचे चार लोकांना कळले, की एक सल्ला हमखास मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरील प्रवासी गटांत, नातेवाइकांच्या गप्पांत आणि काही टूर एजंटांच्या तोंडीही तो थोड्याफार फरकाने असाच असतो: जहाज बंदराला लागले की क्रूझ कंपनीचीच सहल घ्यावी, स्वतःहून शहरात जाऊ नये. उशीर झाला तर जहाज सोडून निघून जाते आणि पासपोर्ट जहाजावरच राहतो. भारतीय पासपोर्टवर एकट्याने उतरता येत नाही. कंपनीची सहल सुरक्षित असते. बंदरे शहरांपासून इतकी लांब असतात की पैसे काही वाचत नाहीत. आणि शाकाहाऱ्यांचे व ज्येष्ठांचे तर हालच होतात. यातील पहिला मुद्दा वजनदार आहे, म्हणून त्याचा विचार सर्वांत सविस्तर केला पाहिजे. बाकीचे मुद्दे त्याच्या जोरावर उभे आहेत. सावधगिरी हवीच, परंतु एखाद्या बंदराचा नियम सगळ्या बंदरांच्या माथी मारला, की सावधगिरीचा उपयोग संपतो आणि नुसती धास्ती उरते.

जहाज थांबत नाही, हे खरे आहे. कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस वाहतुकीत अडकली, तर जहाज तिच्यासाठी थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतंत्र गेलेल्या प्रवाशाला ही हमी नाही. या मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ साओ टोमेची घटना सांगितली जाते, आणि ती घडलेली आहे. मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ हे जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडील या बेटावर आठ प्रवाशांना मागे ठेवून निघून गेले. ते खासगी सहलीवर गेले होते, परतायला उशीर झाला, आणि जहाज अजून समोर नांगरलेले दिसत असूनही त्यांना वर घेण्यात आले नाही. पुढे गांबियात गाठावे म्हणून ते तिकडे पोहोचले, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागूच शकले नाही, आणि शेवटी सेनेगलमधील डकारला त्यांची गाठ पडली.

ही हकीकत ऐकून रोमला जाणारा माणूस घाबरतो, आणि तिथेच तर्क घसरतो. साओ टोमे हे गिनीच्या आखातातील बेट आहे. तिथून पुढच्या बंदराला जायचे तर विमान बदलत देशामागून देश ओलांडावे लागतात. रोमचे बंदर चिवितावेक्किया हे इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य रेल्वेमार्गावर आहे. जहाजाचा पुढचा मुक्काम लिव्होर्नो, ला स्पेत्सिया किंवा जिनोआ असेल, तर तोच रेल्वेमार्ग किनाऱ्याकिनाऱ्याने त्या तिन्ही शहरांना जातो. जहाज चुकलेला प्रवासी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आगगाडीने तिथे पोहोचू शकतो. मनस्ताप होईल, एका रात्रीचे हॉटेल पडेल, पण प्रवास संपणार नाही. पुढचे बंदर सिसिलीत, ग्रीसमध्ये किंवा ट्युनिसला असेल, तर मात्र हिशेब पार बदलतो. म्हणजे प्रश्न ‘कंपनीबरोबर की एकट्याने’ एवढाच नसतो. ‘इथून चुकलो तर पुढे कसा गाठणार’ हा असतो, आणि त्याचे उत्तर नकाशात पाच मिनिटांत मिळते.

पासपोर्टची भीतीही तपासून पाहावी. अनेक जहाजांवर भारतीय प्रवाशांचे पासपोर्ट स्वागतकक्षात ठेवून घेतले जातात, हे खरे. परंतु प्रवासी परतला नाही असे दिसले, तर त्याचा पासपोर्ट शोधून बंदरातील कंपनीच्या प्रतिनिधीकडे, म्हणजे पोर्ट एजंटकडे, सोपवून मग जहाज सुटावे, अशी पद्धत आहे. या एजंटचे नाव आणि दूरध्वनी आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात छापलेले असतात. उतरण्यापूर्वी त्या पत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये घ्यावा आणि पासपोर्टच्या व व्हिसाच्या पानाची छायाप्रत खिशात ठेवावी. ही दोन कामे त्या सल्ल्यात कुठेच नसतात, आणि खरी गरज त्यांचीच असते.

उशीर होण्याचे एक कारण तर त्या सल्ल्याच्या गावीही नसते, ते म्हणजे घड्याळ. ग्रीसची वेळ इटलीपेक्षा एक तास पुढे आहे. दोन्ही देशांच्या फेरीत जहाज कोणती वेळ पाळणार, हे कप्तान ठरवतो. प्रवाशाचा मोबाइल मात्र किनाऱ्यावर पाय पडताच स्थानिक वेळ पकडतो. जहाज ग्रीक वेळेवर चालत असताना इटलीत उतरलेल्याच्या मोबाइलमध्ये पाच वाजलेले असतात, तेव्हा जहाजावर सहा झालेले असतात. जुने मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

भारतीय पासपोर्टवर एकट्याने उतरता येत नाही, या म्हणण्याला एके काळी एक आधार होता. सेंट पीटर्सबर्गला जहाजाने येणाऱ्या परदेशी प्रवाशांना अधिकृत सहल-संस्थेबरोबर राहण्याच्या अटीवर ७२ तासांपर्यंत व्हिसाविना उतरता येत असे. स्वतः फिरायचे असेल तर रशियाचा व्हिसा आधी काढावा लागे. २०२२ मध्ये मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ते बंदर आपल्या फेऱ्यांतून काढून टाकले; त्याविषयीची सूचना मात्र संदर्भ गळून अजून फिरते आहे. भूमध्य समुद्रातील शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, व्हिसा माणसाला मिळतो, सहलीला नव्हे. तो पासपोर्टवर असेल, तर नेपल्सच्या धक्क्यावर उतरून प्रवासी कंपनीच्या बसमध्ये बसतो की समोरचा रस्ता ओलांडून चालू लागतो, याच्याशी सीमापोलिसांना कर्तव्य नसते. जपायचे ते वेगळेच: फेरीत मध्येच तुर्कस्तानातील कुशादासी किंवा माँटेनेग्रोतील कोतोर असेल, तर जहाज शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा आत येते, आणि त्यासाठी अनेकदा प्रवेशाचा, म्हणजे मल्टिपल एंट्री, व्हिसा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला आहे. जुन्या माहितीवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. व्हिसाची ही अडचण कंपनीची सहल घेतल्याने सुटत नाही. तो चुकीचा निघाला तर मुळात जहाजावरच चढू दिले जात नाही.

सहल जेथे खरोखरच सक्तीची ठरते अशी ठिकाणे आपल्याजवळही आहेत. लक्षद्वीपला जायला बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावरून तिथे उतरणारा प्रवासी त्या ठरलेल्या व्यवस्थेनेच जातो. तो नियम तिथला आहे, बार्सिलोनाचा नव्हे.

सुरक्षिततेबद्दल बोलताना कंपनीची सहल म्हणजे कंपनीची माणसे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बस, वाटाड्या आणि होडी बहुधा स्थानिक कंत्राटदाराची असते. क्रूझ कंपनी तिकीट विकते, आणि कंत्राटदाराच्या चुकीची जबाबदारी आपल्यावर येऊ नये अशी कलमे तिच्या अटींत घातलेली असतात. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा बेटावर असलेल्या ४७ जणांपैकी ३८ जण ‘ओव्हेशन ऑफ द सीज’ या जहाजावरून आलेले होते. ती सहल जहाजामार्फत विकलेली होती. त्या दुर्घटनेत २२ माणसे दगावली. यावरून सगळ्या सहली धोक्याच्या ठरत नाहीत. पण कंपनीचा शिक्का म्हणजे सुरक्षिततेची हमी, हे म्हणणेही टिकत नाही. खिसेकापूंचे म्हणाल, तर ते रोमच्या ६४ क्रमांकाच्या बसमध्ये, बार्सिलोनाच्या रांब्ला या रस्त्यावर आणि नेपल्सहून पाँपेईला जाणाऱ्या चिर्कुमव्हेसुव्हियाना गाडीत आहेतच. काठीला झेंडा बांधलेल्या वाटाड्यामागे माना वर करून चालणाऱ्या चाळीस जणांच्या घोळक्यातही ते असतात.

आता अंतर आणि पैसे. चिवितावेक्किया रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, त्यामुळे सल्ला देणाऱ्याला हे उदाहरण आवडते. प्रत्यक्ष वाट अशी आहे: जहाजापासून बंदराची मोफत बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर सोडते, तिथून शहर बसने रेल्वे स्थानक गाठायचे, आणि प्रादेशिक गाडीत बसून साधारण पाऊण ते एक तासात रोमा सान पिएत्रो स्थानकावर उतरायचे. सेंट पीटर्सचा चौक तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. व्हॅटिकन नको असेल, तर त्याच गाडीने पुढे ओस्तिएन्सेला उतरावे. लगतच्या पिरामिदे स्थानकावरून मेट्रोने कोलोसियम दुसरे स्थानक लागते. गाडीचे तिकीट एका बाजूला सुमारे पाच युरोंचे. कंपनीची बस नुसती रोममध्ये नेऊन सोडते आणि संध्याकाळी परत आणते, तरी त्याचे दर माणशी या रकमेच्या कितीतरी पट असतात. चार माणसांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी: कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

आणि सगळीच बंदरे चिवितावेक्किया नसतात. नेपल्सचा क्रूझ धक्का शहराच्या मध्यातच आहे. समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला आणि जवळच म्युनिचिपिओ मेट्रो स्थानक. अथेन्सच्या पिरियस बंदरापर्यंत २०२२ मध्ये मेट्रोची तिसरी मार्गिका आली, ती थेट शहराच्या मध्यातील मोनास्तिराकीला नेते. बॅलार्ड पिअरवर उतरलेल्या परदेशी पाहुण्याला सीएसएमटीची इमारत पाहायला वातानुकूलित बस आणि वाटाड्या हवाच, असे एखाद्या मुंबईकराला सांगितले तर तो हसेल. नेपल्सच्या माणसालाही तसेच हसू येत असणार.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. लिव्होर्नो हे मालवाहतुकीचे बंदर आहे; आत पायी फिरू देत नाहीत, शटल बस शहराच्या चौकात सोडते, स्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिथून फ्लोरेन्स आणखी दीड तासावर. जहाज आठ-नऊ तासच थांबणार असेल आणि फ्लोरेन्सच पाहायचे असेल, तर मी कंपनीची बस घेईन. पिसापुरतेच जायचे असेल तर घेणार नाही, कारण लिव्होर्नोहून पिसा आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. नेपल्सहून काप्रीला स्वतः जाण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. समुद्र खवळला की वेगवान होड्या रद्द होतात, आणि बेटावरून परतीला दुसरी वाट नसते.

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर तर कंपनीच्या सहलीचा मोठा फायदा अर्ध्यावर संपतो. तिथे मोठ्या जहाजांना धक्काच नाही; टेंडर, म्हणजे लहान बोटीने, किनाऱ्यावर यावे लागते. सहलीच्या प्रवाशांना आधी उतरवतात आणि अथिनिओस बंदरातून बसने वर नेतात, ही सोय खरी. परंतु सहल बहुतेक वेळा कड्यावरच्या फिरा गावात संपते, आणि तिथून खाली जुन्या बंदरात येताना केबल कारच्या त्याच रांगेत सर्वांना उभे राहावे लागते, नाहीतर सुमारे ५८८ पायऱ्या उतराव्या लागतात. दोन-तीन जहाजे एकाच दिवशी आली की ती रांग तासाभराचीही होते. हमी विकत घेऊन निश्चिंत झालेला प्रवासी ऐनवेळी इथेच गडबडतो. टेंडरच्या बंदरांबाबत आणखी एक: हवामानामुळे जहाज तिथे थांबलेच नाही, तर कंपनीच्या सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेर आगाऊ भरलेले पैसे मिळतीलच असे नाही. म्हणून अशा ठिकाणी बाहेरची सहल घ्यायची तर रद्द करता येणारीच घ्यावी.

जेवणाचा मुद्दा फार ताणण्यात अर्थ नाही. सहलीतील सामूहिक जेवण आधीच ठरलेले असते आणि त्यात शाकाहाऱ्याच्या वाट्याला बहुधा पास्ता व पाने येतात. स्वतः फिरणाऱ्याला निदान दुकान निवडता येते. काटेकोर शाकाहारी वा जैन मंडळींनी एवढेच जाणून असावे, की पार्मेसान चीज बनवताना वासराच्या जठरातील रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य वापरतात, आणि हे चीज कंपनीच्या ताटातही असतेच. ज्येष्ठांविषयी म्हणायचे, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला घोळक्याच्या वेगाने दहा तास चालवणारी सहल आणि हवे तिथे बाकावर बसू देणारी आपली फेरी, यांतले कष्टाचे काय हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना पायऱ्या आणि गाडीतला चढउतार जमतच नाही, त्यांच्यासाठी कंपनीची बस किंवा ठरवून घेतलेली मोटार बरी.

स्वतः जायचे ठरले, तर दिवसाचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा. समजा चिवितावेक्कियाहून जहाज संध्याकाळी सातला सुटणार आहे आणि वर येण्याची शेवटची वेळ साडेसहा आहे. स्थानकापासून जहाजापर्यंतचा तास वजा करा, गाडीचा तास वजा करा; सान पिएत्रोहून साडेचारची गाडी ही शेवटची शक्य गाडी ठरते. ती आपली गाडी नव्हे. तिच्या आधीच्या दोन गाड्या सोडून तिसरी ती आपली, म्हणजे तीनच्या सुमारास रोमचा निरोप घ्यायचा. त्याआधी संपाची चौकशी करावी. इटलीत सार्वजनिक वाहतुकीचा संप किमान दहा दिवस आधी जाहीर करण्याचे बंधन १९९० च्या कायद्याने आहे, आणि कामाच्या दिवशी संपातही सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात. क्रूझच्या प्रवाशाला लागणारी दुपारची परतीची गाडी नेमकी या दोन वेळांच्या मध्ये पडते. आपल्या तारखेला संप जाहीर झाला असेल, तर त्या दिवशी रोमसाठी कंपनीची बस घ्यावी, किंवा चिवितावेक्कियातच थांबून समुद्रकाठचा मिकेलान्जेलोच्या नावाचा किल्ला पाहावा.