‘एका नशेऐवजी दुसरी नशा’?

आठवडाभर फिरत असलेला एक संदेश अखेर माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया वाटणे, हेरॉइनच्या व्यसनावरचे मेथाडोन हे औषध देणे आणि देखरेखीखाली अमली पदार्थांचे इंजेक्शन घेऊ देणारी केंद्रे चालवणे म्हणजे ‘सरकारी खर्चाने व्यसन पोसणे’ असून त्याने गुन्हेगारी वाढते, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. मावशीने विचारले, “मग याचं औषध बंद करू का रे?” तिचा मुलगा दोन वर्षे मेथाडोनवर आहे.

त्यामुळे आधी मेथाडोनबद्दल, ज्याला संदेशात ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ म्हटले आहे. शरीराला या औषधाची सवय लागते, एवढे मान्य करावेच लागेल. परंतु हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो आणि तलफ माणसाला पुन्हा पुढच्या पुडीमागे व तिच्यासाठी लागणाऱ्या पैशामागे पळवते, तर मेथाडोनचा नीट जुळवलेला डोस झिंग न आणता दिवसभर पुरतो. माझा मावसभाऊ रोज सकाळी नर्ससमोर लहानशा पेल्यातले औषध पितो, वर पाणी पितो, तोंडात काही उरले नाही हे कळावे म्हणून तिच्याशी दोन शब्द बोलतो आणि कामावर जातो. संदेशलेखकाला यात नशा कुठे दिसली, कोण जाणे.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१७ साली मेथाडोन घेणाऱ्या १,२२,८८५ जणांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार उपचार चालू असताना दर हजार व्यक्तिवर्षांमागे (एक व्यक्ती एक वर्ष म्हणजे एक व्यक्तिवर्ष) ११.३ मृत्यू झाले, तर उपचार सुटल्यावर ३६.१. औषध सुटले की अफूजन्य पदार्थ पचवण्याची शरीराची सवय मोडते आणि पूर्वी सोसलेली मात्राच जीव घेते. मावशीने त्या संदेशावर विश्वास ठेवला असता, तर हाच धोका तिच्या घरात आला असता.

गुन्ह्यांचे म्हणाल तर कॅनडातील व्हँकूव्हरमध्ये २००३ साली देखरेखीखाली इंजेक्शन घेऊ देणारे केंद्र उघडल्यावर आधीच्या आणि नंतरच्या वर्षातील पोलीस नोंदी संशोधकांनी ताडून पाहिल्या. परिसरातील अमली पदार्थांची विक्री व मारहाण यांत लक्षणीय वाढ आढळली नाही आणि वाहनचोऱ्या व गाड्या फोडण्याचे प्रकार घटले. हा एकाच केंद्राचा अभ्यास आहे, हे खरे. संदेशात मात्र तेवढाही आधार नाही.

सुयांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नवी सुई मिळाली नाही म्हणून कोणी थांबत नाही. तो दुसऱ्याची वापरतो आणि एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी घेऊन जातो. ‘पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केले’ हे संदेशातले विधानही चूक आहे. तेथे २००१ पासून स्वतःपुरता अल्प साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, विक्री आजही गुन्हाच आहे.

मावशीला मी कळवले आहे की डोस कमी करायचा झाल्यास तो डॉक्टर करतील, तोही हळूहळू.