पाय सुजले म्हणून बीपीची गोळी सोडू नका

आज दुपारी बेळगावच्या शहापुरात मेडिकलमध्ये उभी होते. पुढं एक आज्जी. पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि म्हणाल्या, "गुडघ्याची दे रे, दहा." पोरानं न विचारता पाकीट कापून दिलं. मग म्हणाला, "आज्जी, बीपीची संपली असंल की." तर त्या म्हणाल्या, "नको वो ती. पाय सुजायलेत माझे. रोज खाल्ली तर किडनी जातीया म्हणं."

माझ्या हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली मी. शब्द न शब्द तेच, जे माझे आप्पा म्हणाले होते.

माहेर माझं येळ्ळूरचं. आप्पांना बीपीची अम्लोडिपिन चालू होती, 10 मिलिग्रॅमची. संध्याकाळी पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा रुतायचा, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. शेजारच्या काकांनी सांगितलं, किडनी गेली की असंच होतं, गोळी बंद कर. केली बंद. घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही. आणि त्याच वेळी गुडघ्यासाठी रोज दोन डायक्लोफिनॅक, पानपट्टीवर सुपारी घ्यावी तशा.

सांगू का, मला राग कशाचा येतो? जी गोळी जीव वाचवते तिच्यावर आपण पोलिसासारखी नजर ठेवतो, आणि जी खरोखर किडनीला भारी पडते ती बडीशेपेसारखी चघळतो. का, तर गुडघ्याची गोळी अर्ध्या तासात गुण दाखवते. बीपीची बिचारी वर्षानुवर्षं काम करते आणि दिसत काहीच नाही. दिसतो तो फक्त सुजलेला पाय.

ती सूज मला पुढं एका डॉक्टरांनी समजावून सांगितली. ह्या गोळीनं बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून तर बीपी उतरतं, आणि त्यातलं पाणी झिरपून घोट्याशी साचतं. किडनी बिघडल्याची ती खूण नव्हे. (सूज दुसऱ्या कारणांनीही येते, म्हणून दाखवायची मात्र नक्की.) उलट डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी किडनीकडं जाणारं रक्त कमी करते, अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढवते, पोटात अल्सर करते. म्हणजे आप्पांच्या सुजेला गुडघ्याच्या गोळीचाही हातभार असणार. शिक्षा झाली ती बीपीच्या गोळीला.

आप्पाच सांगायचे, त्यांच्या लहानपणी मेलेलं ढोर माळावर टाकलं की गिधाडं उतरायची. आता शोधून सापडत नाहीत. जनावरांना हेच डायक्लोफिनॅक टोचायचे, ते मढं खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या. 2006 साली सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, मान्य. डॉक्टरनं चार दिवस दिली तर घ्यावी की. पण चिठ्ठीशिवाय वर्षभर?

भाताची सुगी चालू होती. सकाळी आप्पांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. वैनी म्हणाल्या, झोप झाली नसेल. मग तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं बीपी 210 होतं. कशानं झालं हे छातीठोक कोण सांगणार? पण आठवड्यानं मी कपडे न्यायला घरी आले, तर मसुरीच्या डब्यामागं बीपीच्या गोळ्यांची तीन पाकिटं. एक गोळी फोडलेली नाही. कोनाड्यात गुडघ्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, रबर लावून ठेवलेली. ती पाकिटं हातात घेऊन मी स्वयंपाकघरात खाली बसले, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

डॉक्टर काय म्हणाले? "सूज आली म्हणून सांगायला आले असते तर डोस अर्धा करून दुसरी जोडून दिली असती." एवढंच. आता आप्पांना 5 ची अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन आहे. पाय सुजत नाहीत. एनालाप्रिल ह्या बीपीच्याच गोळीनं कोरडा खोकला येतो, ती बदलून मिळते. शुगरच्या मेटफॉर्मिननं सुरवातीला पोट बिघडतं, ती जेवणाबरोबर घ्यायची, कमी डोसनं चालू करता येते. हे सगळं ठाऊक असलेलं आहे हो, गुपित नाही!

हां, डॉक्टरांचंही चुकतं. दोन मिनिटांत सहा गोळ्या लिहायच्या आणि पेशंटनं तोंड उघडलं की "नेक्स्ट". म्हाताऱ्या माणसाला कन्नडमध्ये सांगायचं, पाकिटावर सगळं बारीक इंग्रजी. सीमाभागातल्या आमच्या आज्ज्यांनी वाचायचं काय आणि विचारायचं कुणाला? मग शेजारचे काका मराठीत सांगतात तेच खरं वाटतं. त्या काकांवर मी फार चिडले होते. आता तेवढा राग नाही. त्यांनी मायेनंच सांगितलं होतं.

आजच्या आज्जींना बाकावर बसवलं. दहातल्या आठ गोळ्या परत दिल्या, बीपीचं एक पाकीट घेतलं आणि पोराकडचं मार्कर घेऊन त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "बीपीची. रोज सकाळी. डॉक्टरला न विचारता बंद नको." आज्जींनी बोट ठेवून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "गुडघ्याच्या पाकिटावर पण लिही की बाई."

लिहिलं. गुरुवारी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडं मी जाणार आहे, सूज दाखवायला. शहापूर-वडगावात पाकिटावर मराठीत लिहून देणारं मेडिकल कुणाला माहीत असेल तर खाली सांगा.