‘आधी घोका, समज मागाहून येते’ : येते का खरंच?

जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं : आमच्या वेळी पाढे, पावकी-निमकी तोंडपाठ, म्हणून गणित पक्कं. सात-आठ वर्षांच्या पोराला तर्क कळत नसतो. रीत घोकून घ्या, समज मागाहून येते. बाजारात बसणारी पोरं बघा, कसा फटाफट हिशेब करतात. ‘कसं केलंस ते सांग’ हे हल्लीचं खूळ, त्याला वर्गात वेळ कुठे आहे?

तर्क कळत नाही, या म्हणण्यामागे बहुधा पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं अर्धवट ऐकलेलं नाव असतं. त्याचा प्रयोग असा : सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, मुलाकडून ‘सारख्याच आहेत’ हे वदवून घ्यायचं, मग एक ओळ लांबवून पुन्हा विचारायचं. पाच वर्षांचं मूल म्हणतं, लांब ओळीत जास्त. पण १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी ती ओळ एका ‘खोडकर’ खेळण्यातल्या अस्वलाकडून विस्कटवली, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. मग आधी का चुकत होती? मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न परत विचारला, म्हणजे उत्तर बदलायला हवं, असा त्यांचा अंदाज असावा. हा तर्कच झाला; फक्त तो सोंगट्यांबद्दल नाही, विचारणाऱ्या बाईंबद्दल! बरोबर गणित सोडवलेल्या मुलीला ‘नक्की का गं?’ म्हणून बघा, लगेच खोडरबर काढते.

आता ‘आधी रीत’. तिसरीच्या वह्यांत हमखास सापडणारी वजाबाकी : ५२ − २७ = ३५. आपण लाल फुली मारून ‘धांदरट’ म्हणतो. पोराने केलंय काय? ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे त्याचं पाठ आहे. म्हणून एककात ७ मधून २ काढले, दशकात ५ मधून २. नियम इमानदारीत पाळलाय. त्यालाच विचारा, ५२ रुपये होते, २७ चा खाऊ घेतला, किती उरले? कित्येकदा बोटांवर हिशेब सुरू होतो : सत्तावीसवर तीन, तीस. अजून वीस, पन्नास. वर दोन. पंचवीस! उभी मांडणी नाही, हातचा नाही.

घोकण्याने समज येते म्हणता, तर फ्रान्समधल्या ग्रनोबलचा किस्सा ऐका. साधारण १९८० च्या आगेमागे तिथे प्राथमिकच्या मुलांना विचारलं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिलं.

बाजारातल्या पोरांचं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. तसलीच गणितं कागदावर कोरडी मांडून दिली, तर ३७ टक्के. ३५ चा एक, असे दहा नारळ? पोरगा म्हणतो, तीनाचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन ३१५, आणि एक, ३५०. दहाने गुणताना शून्य चढवायचं, ही रीत त्याने वापरलीच नाही.

पाढ्यांचं म्हणाल तर मान्य. पाढे यायलाच हवेत, दर वेळी बोटं मोजत बसलं तर पुढचं डोक्यात राहत नाही. मात्र सात आठे अडला, तर सात साते एकोणपन्नास आणि वर सात, हे ज्याला सुचतं तो पाढा विसरला तरी बुडत नाही.

राहिला वेळ. चाळीस पोरांच्या वर्गात प्रत्येकाचं ऐकणं होत नाही, खरंय. पण तासाला एकच उदाहरण घेऊन तिघांच्या तीन रीती फळ्यावर लिहिता येतात, चुकलेलीसुद्धा. आणि चौथीत, पाचवीत तीच हातच्याची वजाबाकी पुन्हा शिकवण्यात जे तास जातात, ते या मेसेजने कुठे धरलेत?